न खाल्लेल्या वड्याचा आळ

३ फेब्रुवारी, मंगळवार

मी चोर ठरलो! तीन महिन्यांची शुगर आठ पॉइंट चार होती, ती आठ पॉइंट नऊ झाली. बाहेरचा कणही तोंडात घातलेला नाही. चहा बिनसाखरेचा. कोपऱ्यावर वडे तळायला घेतले की मी रस्ता बदलतो – रस्ता! आणि डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत विचारतात, "काका, आपल्यातच राहील. बाहेर काय खाता?"

मी मंदाकिनीकडे बघितलं. नाश्ता, दोन वेळचं जेवण, सगळं हिच्या हातचं. 'नाही हो, हे खरंच काही खात नाहीत' एवढं बोलली असती तर? बायकोने नाही तर कोणी बोलायचं? पण ती पर्समध्ये काहीतरी शोधत बसली.

पुढच्या खेपेला उतरली नाही तर इन्सुलिन. मला सुईची भीती वाटते. हे फक्त इथे लिहितोय.

४ फेब्रुवारी

बाळकुमहून अंतराचा फोन. "बाबा, आम्हाला फसवून नुकसान तुमचंच आहे." लेक आहे की पोलीस?

६ फेब्रुवारी

पँट धुवायला टाकताना मंदाकिनीने खिसे तपासले. बडीशेप निघाली. त्या बडीशेपेचीही चौकशी झाली.

८ फेब्रुवारी, रविवार

अंतरा शुगरचं मशीन घेऊन आली. म्हटलं, होऊन जाऊ दे! तिच्यासमोर जेवलो – आधी कोशिंबीर, मग मटकीची उसळ, शेवटी पोळ्या. हा क्रम प्राप्तीने शिकवलेला. प्राप्ती म्हणजे अंतराची मैत्रीण, ठाण्यात आहारतज्ज्ञ आहे. नोव्हेंबरात तिने आम्हा दोघांना समोर बसवून सगळं समजावलेलं. धान्याचा कोंडा आपल्याला पचत नाही, पण तो जेवणातली साखर रक्तात हळूहळू उतरू देतो. आणि पुढे आतड्यात जे कोट्यवधी जिवाणू राहतात, त्यातल्या चांगल्यांचं ते जेवण. ते नीट जेवले की साखरही ताळ्यावर राहायला मदत होते. मला एकदम पटलं. तेव्हापासून गहू, ज्वारी, हरभरा मी स्वतः गिरणीत नेतो. कुंडलिकला बजावतो, जाडसर दळ, काही काढू नकोस. पोटात बिऱ्हाड ठेवलंय, त्यांना उपाशी कसं मारायचं!

मंदाकिनीचा हात मानला पाहिजे. असल्या जाड्याभरड्या पिठाच्याही पोळ्या पिसासारख्या करते. आज अंतरासमोर मुद्दाम कौतुक केलं. मंदाकिनी ताटं उचलायला लागली.

दोन तासांनी बोट टोचलं. २५४! अंतरा म्हणाली, "सकाळी फिरायला गेलेलात ना? तेव्हा काय खाल्लंत?"

आता काय, कपडे काढून झडती द्यायची का?

९ फेब्रुवारी

शरीरानेही दगा दिलाय. एवढा कोंडा खाऊन सकाळी संडासात ताटकळत बसायचं. प्राप्ती म्हणालेली, पोट साफ होईल. कुठे होतंय? तिचं शास्त्र तरी खोटं, नाहीतर मी तरी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज सगळं लिहिणार.

मंदाकिनीची बहीण शालू तापाने आजारी, म्हणून ही सकाळीच तिच्या घरी दिव्याला गेली. दळण टाकायला झालंय का बघावं म्हणून मी पिठाचा डबा उघडला. पीठ पांढरट. चिमटीत घेतलं, पावडरसारखं मऊ. ओट्याखाली गिरणीची पिशवी होती, तिच्यात हात घातला. तांबूस, खरखरीत. कंपनीत मी जन्मभर क्वालिटी कंट्रोलला होतो. माल आत येताना तपासायचा, बाहेर जाताना तपासायचा. घरात कच्चा माल एक आणि तयार माल भलताच, आणि मला पत्ता नाही!

फडताळात वर मैद्याची चाळण. शेजारच्या डब्यात कोंडा, काठोकाठ.

चाळते ती! माझ्या पोटात गेला तो नुसता पांढरा भुगा, आणि डॉक्टरांसमोर चोर मी! तेव्हा ही गप्प बसली. माझे खिसे तपासले. केसाने गळा कापला हिने.

१३ फेब्रुवारी

काल ती संध्याकाळी परत आली. मी दोन्ही डबे टेबलावर मांडून बसलेलो. तिने बघितलं, पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली. नाही म्हणाली नाही.

प्राप्तीने तिला वेगळं बाजूला घेऊन सांगितलेलं – काकू, पीठ चाळू नका. म्हणजे माहीत होतं! विचारलं, मग का? तर म्हणे पहिल्या आठवड्यात तिने चाळलं नव्हतं. मी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं म्हणे. गुरांचं खाणं मला वाढतेस, असं म्हणालो म्हणे. आणि उपाशी उठलो. मला अजिबात आठवत नाही.

"डॉक्टरांकडे तरी बोलायचंस."

"बोलले असते तर तिथेच माझ्यावर ओरडला असतात. चार माणसांत. मला नको होतं ते."

"म्हणून मला चोर होऊ दिलंस?"

तिने कोंड्याच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "अंतराला सांगू नका. ती मला कधी माफ नाही करणार."

सांगणार! उद्याच सांगणार. माझं नाव धुऊन निघालं पाहिजे.

१५ फेब्रुवारी, रविवार

अंतराचा फोन आला. ती नवऱ्याच्या बढतीबद्दल बोलत राहिली. मंदाकिनी दाराशी उभी. आज बोलायचं राहिलं.

१७ फेब्रुवारी

न चाळलेल्या पिठाच्या पोळ्या. घशाला घासतात. पोटात दिवसभर गुडगुड, गॅस. शेवटी लाज सोडून प्राप्तीला फोन केला. म्हणाली, काका, आतड्यांना सवय नाही, एकदम नका वाढवू. रोज थोडं थोडं, आणि पाणी भरपूर. मग तिनेच गोंधळून विचारलं, "पण तुम्ही तर नोव्हेंबरपासून खाताय ना?" मी रेंज नसल्याचं नाटक केलं.

२१ फेब्रुवारी

काढलेल्या कोंड्याचं काय करायचीस, असं आज विचारलं. टाकवत नाही, म्हणून स्वतःसाठी त्याच्या दशम्या करायची. हल्लीपासून नाही, लग्न झाल्यापासून. मी जेवून उठल्यावर ती बसते, त्यामुळे तिच्या ताटात काय असतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. आज समोर बसवलं. दशमी आमटीत भिजवून खाते. डाव्या बाजूची दाढ पडलीय. कधी पडली? दोन वर्षं झाली म्हणाली.

अंतराने मशीन आणलं त्या दिवशी गंमत म्हणून आईचंही बोट टोचलेलं. १०९.

माझा राग गेलेला नाही. ती डॉक्टरांकडच्या त्या खुर्चीत गप्प बसली होती, हे मी विसरणार नाही. पण जेवताना मला नीट रागावताही येईना.

२ मार्च

पोट साफ. कुरकुर नाही. हे लिहिण्यासारखं वाटलं म्हणून लिहिलं.

२६ मार्च

अंतराला सांगायचं ठरवून बाळकुमला गेलो. नातीने चित्रं दाखवली. परत आलो.

५ मे, मंगळवार

सात पॉइंट सात. आणखी उतरायला हवी, पण इन्सुलिन टळलं. अंतरा मुद्दाम रजा घेऊन आलेली. डॉक्टरांच्या देखत मला म्हणाली, "बघितलंत ना बाबा? आता तरी कबूल करा, बाहेर खात होतात."

मंदाकिनीने मान वर केली. तोंड उघडलं. ती बोलणारच होती.

मी म्हणालो, "हो. वडे खायचो."