पाण्यात उतरायच्या आधी

सोनीच्या बापास,

पाया पडते, पण रागानं. मी बोलायला लागले की तुमी फोन कापता, म्हणून गावाकडं निघालेल्या गोरखच्या हाती हा कागद धाडतेय.

म्हाळुंग्यात आमा मायलेकींचं बरं चाललंय. सोसायटीतली स्वयंपाकाची कामं टिकून हायेत. चर्चच्या त्या दोघी ताया संध्याकाळी येऊन आमाला बाप्तिस्म्यासाठी शिकवतात. प्रार्थनेला बसलं की तेवढ्यापुरता माझा जीव थाऱ्यावर राहतो. त्यांच्या सांगण्यावरून मी मिश्री सोडली. तुमी तर सांगून सांगून थकला होता. पण आता डोकं भणभणतं, बोट सारखं दाताकडं जातं, सोनीवर उगाच खेकसते.

येत्या रविवारी पाण्यात उतरायचं ठरलं, तर ताया म्हणतात, "आधी मालकांना विचारा. घरात भांडण लावून बाप्तिस्मा द्यायचा नाही." मी म्हटलं, घरावर पत्रे घालताना त्यांनी मला कुटं विचारलं होतं? दोघी हसल्या, पण ऐकत न्हाईत.

तुमच्या आईचे गुडघे कसे हायेत? माझ्या हातचं पाणी पिणार न्हाई, असं अजून म्हणतात का? त्यांना सांगा, मी देव्हारा हलवणार न्हाई. पुढल्या नवरात्रात घटाला शेतातली माती मीच आणून देईन, घट तेवढा तुमी बसवा.

दिवाळीला मी घरी येणार हाय. दार उघडणार का, तेबी लिहा.

व्हय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा, पण गप बसू नका. गप बसलात तर ताया मला काठावरच ठेवतील आणि मिश्रीची डबी पुन्हा हातात येईल. शनिवारी गोरख तिकडनं निघायच्या आत उत्तर त्याच्या हातात द्या.

सोनीची आई