परातीतला काँगो

नाना,

३१ ऑक्टोबर १९५६, संध्याकाळचे साडेपाच. थाटीपुरच्या खोलीत आईची पितळी परात चिंचेने घासत होतो, ती पालथी घालून लिहायला बसलो. उद्यापासून आपलं मध्यभारत नव्या मध्यप्रदेशात जाणार, राजधानी भोपाळ. माझी मास्तरकी अजून कच्ची. शिक्षण मिडलपर्यंतच, म्हणून शाळा निरीक्षकांसमोर पाठ देऊन कायम होण्यासाठी आजच त्यांची सही मिळवायची होती. फाइल भोपाळला गेली की मग कोण विचारतो?

पाठ निघाला बेल्जियन काँगोचा, आणि मला आठवलं आपलं स्वयंपाकघर. आई कणीक मळायला बसते. तुम्ही शाळेत भूगोल शिकवून आलेले, तिच्या पुढ्यातली परात ओढून घेता. "काँगो म्हणजे परात. कडेने उंच पठार, मधे खोलगट जंगल. सगळं पाणी एका नदीत, आणि नदी समुद्राला मिळते ती या चिरेतून." आपल्या परातीच्या काठाला चीर होती. आई म्हणते, "देश दाखवून झाला असेल तर माझी परात द्या."

म्हणून आज ती वर्गात नेली. पाणी ओतलं, ते बाहेर पडेचना. तुम्ही देवाघरी गेल्यावर आईने चीर झाळून बुजवून घेतली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. घाबरून परात तिरपी केली, तर सगळा काँगो निरीक्षकांच्या बुटात. वर्ग खिदळला. निरीक्षक आपल्याच लष्कर मोहल्ल्यातले, मराठीच, पण वर्गात हिंदी बोलणारे. म्हणाले, "मास्तर, समुद्र इधर है क्या?"

पुढचं मी न थांबता सांगितलं. राजधानी पश्चिमेला नदीकाठी, तांब्याच्या खाणी पार आग्नेयेला. राजधानीच्या खाली नदीला धबधबे, म्हणून माल बोटीतून उतरवून रेल्वेने बंदराला नेतात. तांबं, हिरे, कापूस, ताडाचं तेल.

बूट झटकत त्यांनी विचारलं, "इतना सब है, तो लोग अमीर होंगे?"

तुम्ही जेवताना नेहमी म्हणायचात ते वाक्य माझ्या तोंडून हिंदीत निघालं. "आटा जो गूँधे, रोटी उसी की थाली में जाए, जरूरी नहीं. वहाँ राज बेल्जियम का है."

बूट झटकायचं सोडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मराठीत म्हणाले, "हे कुठे शिकलात?"

घरी शिकलो म्हटलं तर मिडल पास माणसाची सही अडेल, असं वाटलं. म्हणालो, "पुस्तकात आहे, साहेब."

सही झाली. आईला तेवढंच सांगितलं. हा कागद तिलाही दाखवणार नाही. घरी आल्यावर पुस्तक पुन्हा चाळलं. ते वाक्य त्यात नाही. नसणार, हे मला वर्गातच माहीत होतं.