फ्रिजमधले टोमॅटो

नागरवाडा, बडोदे.
१९ जानेवारी, सकाळी आठ. आत्ताच कुंड्यांना पाणी घातलं.

दिग्विजय भावोजी,

नमस्कार लिहीत नाही. माझे टोमॅटो तुम्ही हिरवट असतानाच तोडलेत, फ्रिजमध्ये ठेवलेत आणि परवा आईला खायला दिलेत. वर म्हणालात, "मेव्हणेबुवा, ही चव की पाणी? काढा कुंड्या, गच्चीवर भाड्याची खोली बांधू." आई हो म्हणाली. कच्चा तोडून गारठवलेल्या टोमॅटोला चव येत नाही, हे मी तुम्हाला दिवाळीतच सांगितलं होतं.

आज रोपावर पूर्ण पिकलेला एक टोमॅटो आईला दिला. खाऊन म्हणाली, "मग परवाचे असे कसे?"

मी म्हणालो, "भावोजींना विचार."

संध्याकाळी तुम्ही खोलीचा नकाशा घेऊन याल. ती विचारणार आहे. म्हणून हे पत्र टाकत नाही.

कोमलताईचा भाऊ,
अमोघ