विणकरणींच्या कानांची साक्ष

मी, बोगुमिल यारोश, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त ट्रामचालक, राहणार बावुती, वूच शहर, पोलंड, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळची कॉफी पिऊन झाल्यावर हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. आमच्या कायद्याला हस्ताक्षर पुरते. साक्षीदार मी माझ्या समाधानासाठी बोलावले आहेत. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सर्व काही माझी पत्नी डॉ. व्येस्वावा हिच्या नावे होते, आणि ती माझ्याआधी गेली.

कलम पहिले. राहते घर मुलगी यागना हिला मिळावे. स्वयंपाकघरातल्या फळीवर कुरतडल्याच्या खुणा आहेत, त्या तिने बुजवू नयेत. लष्करी राजवटीच्या हिवाळ्यात संशोधन संस्थेतली ऊब देणारी यंत्रणा बंद पडली, तेव्हा तिची आई प्रयोगाचे गिनिपिग टोपलीत घालून ट्रामने घरी घेऊन आली. ट्राम माझीच होती.

"यांचं तिकीट काढू का?" तिने विचारले.

"बसायला जागा मागणार नसतील तर नको," मी म्हणालो.

कलम दुसरे. पत्नीचा मायक्रोस्कोप, काचपट्ट्या आणि मागांच्या आवाजाच्या टेप तिची विद्यार्थिनी डॉ. कालिना मोराव्हेत्स हिला द्याव्यात. त्या अडगळ नव्हेत, हे यागनाला कळावे म्हणून थोडे लिहितो.

व्येशा, म्हणजे माझी पत्नी, नवी डॉक्टर असताना कापडगिरणीतल्या विणकरणी तिच्याकडे तपासणीला येत. कान तपासण्याच्या यंत्रातली बारीक शिट्टी त्यांना नीट ऐकू येई. कागदावर कान ठणठणीत. पण चार माणसांत बोललेले कळत नसे. त्यांतली गेनोवेफा म्हणाली, "शिट्टी येते हो ऐकू. पण सगळे जेवायला बसले की सून काय बोलते ते कळतच नाही."

विभागप्रमुख प्रोफेसर लिप्स्की म्हणाले, "बाई, सुनेचं बोलणं कुणालाच कळत नसतं. जा, कामाला लागा."

सगळे हसले. व्येशा हसली नाही. तिने विचारले, "आवाज येतो, पण शब्द विस्कटतात, असं होतं का?"

"अगं पोरी, अगदी तस्संच!" गेनोवेफाने तिचा हातच धरला.

तिथून व्येशाचे आयुष्यभराचे काम सुरू झाले. मागांचा खडखडाट टेपवर घेऊन त्यात शब्द मिसळायचे आणि ओळखायला लावायचे, अशी परीक्षा तिने बसवली. विणकरणी चुकत, कचेरीतल्या त्याच वयाच्या बायका चुकत नसत. कानातल्या ऐकणाऱ्या पेशी जिवंत आहेत, पण मेंदूकडे निरोप नेणारे तंतू तुटले आहेत, असे तिचे मत झाले. गिनिपिगांत तिला ते दिसलेही. लिप्स्की म्हणाले, "गिनिपिगला सून नसते." त्यांनी तिचा निबंध दाबून ठेवला आणि बढती दुसऱ्याला दिली.

माणसाचा पुरावा हवा तर मेलेल्या माणसाचा कान आतून पाहायला हवा. हे कळल्यावर गेनोवेफा ईस्टरचा केक घेऊन आमच्याकडे आली. "डॉक्टरीणबाई, मी मेले की माझे कान काढून घ्या. जिवंतपणी कुणी विश्वास ठेवला नाही, मेल्यावर तरी बघतील."

"असं अभद्र बोलू नका हो."

"अभद्र काय त्यात? वर गेल्यावर देव बोलेल की मोठ्यानं!"

तिच्यामागोमाग इतर विणकरणींनीही संमती दिली. आणि माझ्या बायकोने काय केले? ती त्या बायकांचा रक्तदाब तपासू लागली, त्यांच्या सिगारेटी हिसकावू लागली. कालिना म्हणाली, "बाई, या जितक्या जगतील तितकं तुमचं काम लांबेल."

"लांबू दे," ती म्हणाली.

गेनोवेफा खूप म्हातारी होऊन वारली. तोवर व्येशा निवृत्तीला टेकली होती. तिने तो कान त्याच वयाच्या एका ग्रंथपाल बाईच्या कानाशी ताडून पाहिला. पेशी दोन्हींत जवळजवळ सारख्याच उभ्या होत्या. तंतू मात्र गेनोवेफाच्या कानात फारच विरळ. व्येशाने पहिला फोन तिच्या सुनेला केला. "तुमच्या सासूबाई सोंग करत नव्हत्या."

सुनेने ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मग म्हणाली, "मी किती खेकसायचे हो त्यांच्यावर."

पुढे इतर विणकरणींच्या कानांनीही हीच साक्ष दिली. आता कालिना तीच परीक्षा कारखान्याकारखान्यांत घेते आणि कामगारांचे ऐकून घेतले जाते.

कलम तिसरे. स्फटिकाची फुलदाणी चर्चच्या सोडतीत द्यावी. ती लिप्स्कींची भेट. म्हातारपणी ते व्येशाकडे आले: घरची माणसे जमली की काही कळत नाही. तिने दुपारभर बसून त्यांना तपासले, त्यांच्या घरच्यांना बोलावून समोर बसून एकेकाने बोलायला शिकवले.

"सून काय म्हणते, विचारलंस का त्याला?" मी म्हणालो.

"गप रे. घाबरलेला म्हातारा होता तो."

तिने माफ केले. मी केलेले नाही, याची नोंद असावी.

कलम चौथे. हत्यारांची पेटी शेजारी रोमुआल्ड पिखोता याला. माझे ड्रिल त्याच्याकडेच आहे. ते आता त्याचेच.

कलम पाचवे. माझ्या मृत्यूनंतर माझे दोन्ही कान कालिनाच्या प्रयोगशाळेला द्यावेत. जन्मभर ट्राम चालवली आहे, आत काहीतरी सापडेल. यागनाने आडवे येऊ नये. व्येशाने स्वतःचे कान दिले, तेव्हा कागदावर सही मला करावी लागली. कालिना दाराबाहेर थांबली. सही करण्याआधी मी व्येशाच्या कानाशी वाकून जे बोललो, ते या मृत्युपत्रात लिहिणार नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझेच म्हणणे आहे.

बोगुमिल यारोश (सही)

आमच्यासमक्ष सही झाली:
एडिता व्रोना, निवृत्त परिचारिका (सही)
लुत्स्यान गाव्हेल, ट्रामचालक (सही)

वूच, ९ मार्च २०२३