टीव्हीची खोळ

सोमवार, दसरा होऊन गेल्यावर

शाळेच्या टीव्हीला खोळ मीच शिवली व्हती, माझ्या लग्नातल्या शालूची. दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, तवापासून कुणी ती काढलीच न्हाई.

आज पालकसभेत गुरुजींनी पोरांनाच विचारलं, टीव्ही कसा वापरायचा? आमची सुमीच उठली. घरात तिला बोलतं करायला मला ओरडावं लागतं. म्हणाली, "आधी खोळ काढा. रोज टीव्ही आमीच लावू, आमीच पुसू."

बायका माझ्याकडं बघून हसल्या. मला राग यायला पाहिजे व्हता ना? आला न्हाई.

वाटेत तिनं भीतभीत विचारलं, "आई, रागावलीस?"

"चल मुकाट."

मुकाट का म्हटलं मी? आज तरी नको व्हतं म्हणायला.

खोळ घरी आणून उसवायला घेतलीय. सुमीला फ्रॉक व्हईल. माप घेताना सांगीन, बोल अजून.