सतरा नंबरची नळी

प्रिय टिल्लू,

सहा फुटी, दाढीत पांढरे केस डोकावणाऱ्या माणसाला टिल्लू म्हणते म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. आज मला सगळं माफ आहे. आधी बातमी सांगते, मग पाल्हाळ लावते, नाहीतर पहिलं पान वाचून तू पत्र खिशात कोंबशील. बाबा बरोबर होते! त्यांच्या लसीची एक टोचणी जन्मभर पुरते. सदतीस वर्षांनी, आकड्यांनिशी, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये इतकं ते सिद्ध झालंय. गेले तीन दिवस मी येईल त्या गिऱ्हाइकाला हेच सांगतेय. चष्म्याचा नंबर काढायला आलेली माणसं लसीवरचं व्याख्यान ऐकून घरी जातात.

मंगळवारी सकाळी भिंगरीचा फोन आला. भिंगरी म्हणजे बाबांची ती विद्यार्थिनी, जिचा पाय एका जागी ठरत नसे आणि जी तुला सायकल शिकवताना स्वतःच गटारात गेली होती. आता ती प्रयोगशाळेची प्रमुख आहे, पण जिना अजून दोन-दोन पायऱ्या गाळूनच चढते. मी एका आजोबांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून त्यांना वरची ओळ वाचायला सांगितली होती. फोनवर भिंगरीला बोलताच येईना. हसत होती की रडत होती कोण जाणे. मला वाटलं, प्रयोगशाळेला आग लागली. मग ती म्हणाली, "ताई, आहे. सगळ्यांच्या रक्तात अजून आहे." आजोबा बिचारे एक एक अक्षर वाचत पार शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचले आणि माझे डोळे पाहून हळूच म्हणाले, कोण गेलं हो? म्हटलं, गेलं कुणी नाही, एक जण बरोबर निघाला.

तू चार वर्षांचा होतास आणि मी नऊ, तेव्हाची गोष्ट. त्या तापाने दर उन्हाळ्यात मुलं पडायची, काही दगावायची, काहींचे कान जायचे. तापाबद्दल तुला मी काय सांगणार. बाबांनी लस तयार केली तेव्हा सगळे म्हणाले, छान आहे, पण दर पाच वर्षांनी पुन्हा टोचावी लागेल. बाबा म्हणाले, एकदाच पुरेल. पुढे एका परिषदेत एका बड्या तज्ज्ञाने त्यांना भर सभेत विचारलं, हे तुम्हाला स्वप्नात कळलं का? सभा खो खो हसली. बाबाही हसले, आणि घरी येऊन आईला म्हणाले की प्रश्न रास्त आहे, फक्त उत्तर द्यायला मला तीस-पस्तीस वर्षं लागतील. दुसरा कुणी असं म्हणाला असता तर लोकांनी त्याला पळपुटा म्हटलं असतं. बाबांनी दुसऱ्या दिवशी नळ्या मागवल्या.

मग दर मार्चच्या पहिल्या शनिवारी आपली वरात निघायची. प्रयोगशाळेतली माणसं, त्यांच्या बायका, नवरे, पोरं, सगळी मिळून बेचाळीस. लांबलचक बोळात बाकं मांडलेली आणि प्रत्येकाच्या हातात नंबराची चिठ्ठी. मी सोळा, तू सतरा. मी सुई दिसायच्या आत भोकाड पसरायचे आणि तू एवढासा, बाही वर करून सुईकडे टक लावून बघायचास. तुझ्या त्या बघण्याचा मला इतका राग यायचा की मी तुझं बिस्किट पळवायचे. शेवटी बाबा स्वतः बसायचे. पहिल्या वर्षी त्यांचं रक्त काढायला भिंगरी होती, शिकाऊ. तीनदा टोचलं तरी शीर सापडेना. बाबा म्हणाले, तीन जागा नाहीत हे तरी नक्की झालं, आता चौथी बघ. ती आजही शिकाऊ मुलांना हे सांगते.

आणि तो फ्रीज बंद पडला तो दिवस! उणे ऐंशीवरचं तापमान भर दुपारी वर चढायला लागलं, आणि बाबांनी घरी फोन करून सगळ्यांना बोलावलं. शेजारच्या आइस्क्रीमच्या कारखान्यातून कोरडा बर्फ आणायचा होता. आई चित्रकलेचा तास टाकून शाळेतून परस्पर आली, हातांना रंग तसाच. बाबा ढकलगाडी ओढत होते, आई आणि मी मागून रेटत होतो, आणि तू रस्ताभर पुढे पळत "बाजूला व्हा, रक्त येतंय!" असं ओरडत होतास. लोक घाबरून भिंतीला चिकटले. एकही नळी गेली नाही. त्या दिवशीचं आइस्क्रीम कारखान्याच्या मालकाने फुकट दिलं, आणि बाबांनी आपल्या कपावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली होती.

चिकटपट्टीचं त्यांना वेडच होतं. साखरेच्या डब्यावर तारीख, मिठाच्या डब्यावर तारीख आणि खाली सही. आई एकदा इतकी वैतागली, की झोपलेल्या बाबांच्या कपाळावरच पट्टी लावून तिने तारीख घातली होती. पण माझ्या दोन वेण्यांचा भांग त्यांच्याइतका सरळ कुणीच पाडला नाही. आईची शाळा लवकर असायची म्हणून वेण्या त्यांच्याकडे होत्या, आणि ते मोजपट्टी घेऊन बसायचे, खोटं नाही सांगत. संध्याकाळी साडेसहाला घरात म्हणजे घरात. वरिष्ठ म्हणायचे, नऊपर्यंत थांबलात तर केवढं नाव होईल तुमचं. यांचं उत्तर ठरलेलं: पेशी सकाळपर्यंत थांबतात, पोरं थांबत नाहीत. एक गोष्ट तुझ्या कधी लक्षात आली का, मला माहीत नाही. रस्त्याने चालताना आपण वळलो, बाजू बदलली, की बाबा गर्दीतून वाट काढत पुन्हा तुझ्या उजव्या हाताला यायचे. तुझा चांगला कान त्या बाजूला होता.

आता त्या कानाचं बोलायलाच हवं. बावीस वर्षं आपण दोघं हवापाण्यावर बोलतोय, ते पुरे झालं. लसीच्या चाचणीत निम्म्यांना लस आणि निम्म्यांना मिठाचं पाणी टोचलं गेलं. कुणाला काय, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नसतं, यादी पाकिटात बंद असते, तरच निष्कर्षाला अर्थ. दुसऱ्यांची मुलं घ्यायची आणि आपली घरी ठेवायची हे बाबांना पटेना, म्हणून तू आणि मीही त्यात. मला लस मिळाली, तुला मिठाचं पाणी. सहाव्या महिन्यात तुला ताप आला. अकरा दिवस बाबा तुझ्या खाटेपासून हलले नाहीत. तू वाचलास, डावा कान गेला. वर्ष संपल्यावर मिठाच्या पाण्यातल्या बाकी सगळ्यांना लस दिली. तुला द्यायची गरजच उरली नव्हती.

तू एकोणीस वर्षांचा झालास आणि दाखला शोधताना बाबांच्या कपाटात ती वही तुझ्या हाती लागली. बाबांच्या अक्षरातली यादी, सतरा नंबरपुढे मिठाचं पाणी. मी ओट्यापाशी बश्या पुसत होते, आई दारात कपड्यांची चळत घेऊन उभी होती. तू ओरडला नाहीस. एवढंच विचारलंस, "टोचलंत तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?" बाबांनी एकदा आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. ठाऊक होतं." त्या आठवड्यात तू गेलास. तीन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हाही अर्धा दिवस येऊन स्मशानात मागच्या रांगेत उभा राहिलास. मी तुला दोष देत नाही. मलाही तो 'हो' तितकाच लागला होता. एवढी वर्षं मी त्यांच्यावर माया करत आले, पण त्या एका शब्दाला वळसा घालून.

काल भिंगरीने मला फ्रीज दाखवायला बोलावलं. रॅक बाहेर काढला तर वाफा. सोळाच्या ओळीत माझ्या सदतीस वर्षांच्या नळ्या. सतराच्या ओळीत तुझ्या पंधरा भरलेल्या, आणि त्यापुढे बावीस रिकाम्या. रिकाम्या, टिल्लू, पण प्रत्येकीवर चिकटपट्टी, तारीख आणि बाबांची सही. भिंगरी म्हणाली, ते निवृत्त झाल्यावरही दर मार्चला येऊन ती एक नळी स्वतः लावायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, जो नमुना मिळाला नाही त्याचीही नोंद ठेवायची असते. शेवटच्या तीन, ते गेल्यावर, भिंगरीने लावल्या, त्यांच्या सहीच्या शिक्क्याने. मी तिथे उभ्या उभ्या रडले आणि माझा चष्मा गोठला, चष्मेवाल्या बाईचा.

तर भिंगरीचं म्हणणं असं. लस घेतलेल्यांच्या रक्तात संरक्षण टिकलंय, हे ठरलं. पण खरोखर ताप येऊन गेलेल्याच्या रक्तात ते किती टिकतं, हे ताडून बघायला तिच्याकडे एकच माणूस आहे. तुझ्याविना पेपर अडत नाही, तो बाबांचं नाव पहिलं घालून छापायला गेलासुद्धा. पण तू एक नळी दिलीस तर ती नाचेल. मी लगेच तुला फोन लावणार होते. नंबरही फिरवला. तेवढ्यात तिने जुन्या कागदांतून चाचणीचं मूळ पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं, आठवण म्हणून बघ, म्हणाली. आत यादी होती. बाबांच्या वहीतली ती नक्कल, ही मूळ. अक्षर बाबांचं नव्हतं. फळ्यावर लिहून लिहून उजवीकडे कललेलं, टपोरं अक्षर. मी फोन ठेवला आणि घर गाठलं.

आई मटार सोलत होती. कागद पुढे ठेवला तशी तिचे हात थांबले. कुणाला लस, कुणाला पाणी याच्या चिठ्ठ्या काढणारा कारकून त्या दिवशी आजारी पडला होता. बाबा तिला म्हणाले, तुझ्याइतकं तोंड बंद ठेवणारं माणूस मला ठाऊक नाही, तूच काढ. स्वतःची मुलं असलेल्या चाचणीत बायकोला चिठ्ठ्या काढायला बसवायचं, अशी चूक बाबाच करू जाणे. आई एकटी खोलीत. सतरा नंबरला मिठाचं पाणी निघालं. ती चिठ्ठी हातात घेऊन ती बराच वेळ बसली होती म्हणे. बदलली असती तर कुणाला कळलं नसतं, पण मग ते पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराला गेलं असतं. तिने लिहिलं, पाकीट बंद केलं, आणि तोंडही. बाबांना ते वर्षभराने, पाकीट फोडल्यावर कळलं. त्या संध्याकाळी ते घरी आले, तिच्या हातातली भांडी घेऊन स्वतः घासत बसले. आणि तू विचारलंस त्या दिवशी ते तुझ्याशी खोटं बोलले. आई मागाहून भांडली, मला सांगू द्या म्हणाली. ते म्हणाले, पोरगं कुणावर तरी रागावणारच, माझ्यावर रागवू दे, चार दिवसांत निवळेल. नाही निवळलं. पण तुझा दर रविवारचा फोन आईला येत राहिला, आणि तो बंद पडू नये म्हणून त्यांनी तिला शेवटपर्यंत बोलू दिलं नाही. आई फोन मोठ्या आवाजावर ठेवायची. बाबा शेजारच्या खुर्चीत बसून तुझं सगळं ऐकायचे, श्वासाचाही आवाज न करता.

म्हणून हे पत्र. कुणाचं रक्त घेण्याआधी त्याला सगळं सांगायचं, काही हातचं राखायचं नाही, नाहीतर त्याच्या होकाराला अर्थ नाही, हा बाबांचाच नियम, आणि तो त्यांनी एका तुझ्याच बाबतीत मोडला. मी मोडणार नाही. तुला आता सगळं माहीत आहे, आणि नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. मी आईला म्हटलं, रविवारी फोनवर तूच सांग. ती म्हणाली, फोनवर नको. मग मटारांच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "त्याला लिही, बावीस वर्षं तो चुकीच्या माणसावर रागावला. बरोबरचं माणूस अजून जिवंत आहे. रक्त दे, नको देऊ, पण ये आणि एकदा माझ्यावर रागाव म्हणावं."

तुझीच,
ताई