वळणावरची घोंगडी

आबा,

मेंढरं घेऊन तुम्ही आज कुठल्या रानात उतरलात, ठाऊक नाय. म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील.

शेंद्र्याच्या माळावर मोटारसायकलची शर्यत झाली. मी पोरींचा संघ बांधलाय. सगळ्यांना वाटलं, मीच उतरणार. मी संघातल्या उजमाला, शहरातल्या छावणी भागातल्या पोरीला, उतरवलं अन् वळणावर उभी राहिले. पुढच्या गाड्या बाहेर सरकून वळणाची आतली वाट मोकळी झाली, पण गाड्यांच्या आवाजात हाक कुठली पोचते? कळप वळवताना तुम्ही उंचावता तशी घोंगडी उंचावली. ती दिसताच उजमानं आतून गाडी घातली. पोरांच्याबी पुढं, पहिली आली, आबा!

"पोरीला गाडी कशाला?" म्हणत रागात टाकून गेलात, तीच घोंगडी. आता परत मागू नका. ती संघाची हाय.

तुमचीच हट्टी,
ज्ञानेश्वरी